निनावी फोनवर माणूस उचलू नका

महोदय,

कोल्हापुरातल्या गुजरी या सराफ बाजाराजवळच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेली सहा वर्षं बंगाली कारागीर भाड्याने राहतात. साजाची पानं, ठुशीचे मणी घडवणारी पोरं.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला दारात पोलीस. ‘तुमच्याकडे बांगलादेशी राहतात असा फोन आलाय.’ कोणाचा, विचारलं तर नाव नाही. भाडेकरूंची माहिती मी आधीच ठाण्यात दिली होती, तिची पोच दाखवली. बावीस वर्षांच्या पोराने उशाखालची प्लास्टिकची पिशवी काढली. आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला, आजोबांच्या जमिनीच्या कागदाची घडीवर फाटलेली झेरॉक्स. ‘हे सगळं बनवून मिळतं’ म्हणाले आणि त्याला घेऊन गेले. अटक नाही, नुसती चौकशी, असं सांगत दोन रात्री बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुर्शिदाबादला त्याच्या गावच्या ठाण्यात फोन झाला आणि संध्याकाळी पोरगं घरी आलं. तोच फोन पहिल्या रात्री का झाला नाही?

संशयाचं कारण काय, तर तो रोज गॅलरीत उभा राहून आईशी मोठ्याने बंगालीत बोलतो. मुर्शिदाबाद, मालदा, नदिया हे जिल्हे सीमेला लागूनच आहेत, भाषा दोन्हीकडे एकच. बेळगावच्या मराठी माणसाला भाषेवरून परकं ठरवलं की काय वाटतं, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

घुसखोरी होतच नाही, असं माझं म्हणणं नाही. खोट्या कागदांवर राहणाऱ्यांना शोधणं पोलिसांचं कामच आहे. पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार कायद्याने त्या माणसावरच टाकलाय. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही तो तसाच आहे. म्हणूनच संशयाला आधी काही ठोस आधार हवा, कोणालाही उचलून नागरिकत्व सिद्ध कर म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका खटल्यात बजावलं. ज्याला परदेशी ठरवलं होतं, तो माणूस निकाल बाजूने लागला तेव्हा हयात नव्हता. जून २०२५ मध्ये तर मुंबईकडे पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकललं गेलं आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं.

खबर द्यायची तर नाव सांगून द्यावी. पोलिसांनी ते गुप्त ठेवावं, पण लिहून घ्यावं. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पोलिसांकरवी कोणाला त्रास देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण नावच नसेल तर ते कलम लावणार कोणाला? आमच्याकडच्या या पोराने फोनच्या आदल्याच आठवड्यात मजुरी थकवणाऱ्या एका ठिकाणचं काम सोडलं होतं. मी कोणावर आळ घेत नाही. पण असा फोन भांडण फेडायलाही करता येतो, एवढं तरी पोलिसांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

आता तो आईशी आत बसून, दार लावून बोलतो. आमच्या घराबद्दलचा तो फोन कोणी केला याची चौकशी व्हावी, असा अर्ज मी दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

– एक घरमालकीण, कोल्हापूर