डिस्चार्ज मिळाला, पुढचं कोण बघणार?

संपादक महोदय, नमस्कार.

ठाणे-मुलुंडच्या मधल्या नव्या स्टेशनची बातमी आली की ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलचं नाव पेपरात येतं, तेही स्टेशनला लागणाऱ्या जागेसाठी. १९०१ सालचं हॉस्पिटल आहे ते. पण अशा कुठल्याही हॉस्पिटलातून घरी आलेला माणूस पुढे गोळ्या कुठून आणतो ही बातमी मी तरी कधी वाचली नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मागे एका ठिकाणी ॲडमिट होता, सव्वा महिन्याने सोडलं, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि कागदावर 'नियमित फॉलोअप', बास. एका सरकारी दवाखान्यात विचारलं तर म्हणे बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत, ह्या नाहीत, मोठ्या हॉस्पिटलला जा. मग दर महिन्याला माझी एक सुट्टी, त्याची मनधरणी, रिक्षा, ट्रेन, केसपेपरची लाईन. गर्दीत तो घाबरतो, एकदा ठाण्याला प्लॅटफॉर्मवरूनच मागे फिरला, गोळ्या राहिल्या, दोन आठवड्यात झोप गेली, टीव्हीवरचे लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं सुरू झालं आणि पुन्हा ॲडमिट. आईचे हाल तर विचारू नका.

आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवेचा कायदा बघा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ मध्ये हाफवे होम (हॉस्पिटलातून सुटल्यावर घरी जाण्याआधी देखरेखीखाली राहायची जागा), घरी येऊन मिळणारी पुनर्वसनाची सेवा, सरकारी ठिकाणी आवश्यक औषधं फुकट, सगळं लिहिलंय, आणि जिल्ह्यात ठरवून दिलेल्या किमान सेवा नसल्या तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने करायचा असंही. कलम १९ म्हणतं, बाहेर राहायची सोय नाही एवढ्याच कारणाने कोणाला हॉस्पिटलात अडकवून ठेवायचं नाही. चांगलंच आहे, पण सोय नसताना सोडलं की ती सोय म्हणजे आम्ही, वन रूम किचनमध्ये. कलम ९८ प्रमाणे सोडायच्या आधी डॉक्टरांनी पेशंटशी आणि घरच्यांशी पुढच्या उपचारांबद्दल बोलून प्लॅन करायचा असतो, आमच्याशी बोलणं झालं ते बिलाबद्दल.

टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनच्या, १४४१६ वर एकदा रात्री फोन केला होता, बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, धीर आला, खोटं कशाला बोलू. पण फोनमधून गोळी येत नाही ना.

हाफवे होम उद्याच्या उद्या बांधा असं मी म्हणत नाहीये. निदान महिन्याच्या गोळ्या आणि इंजेक्शन वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात ठेवा, डॉक्टर महिन्यातून एकदा बसले तरी चालतील, आणि कोणी गोळ्या न्यायला आलं नाही तर घरी फोन करायला एक माणूस असू दे. आणि ह्या कायद्याखाली पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाकडे तक्रार कुठे, कशी करायची ते तिथे भिंतीवर मराठीत लावा, मला ते एका वकिलाकडून कळलं, तेही ट्रेनमध्ये.

एक बहीण, ऐरोली