गादीवाफा संचातील गंजलेले बोल्ट व अपुरे मातीमिश्रण यांबाबत तक्रार

गुहागर, जि. रत्नागिरी
दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या मे महिन्यात मी आपल्याकडून ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच असा गॅल्वनाइज्ड पत्र्याचा गादीवाफा संच मातीमिश्रणासह मागवला. आमच्या परसात वीतभर मातीखाली कातळ लागतो, त्यामुळे भाजी लावायची तर वाफा उंचच हवा. घर समुद्राला लागून असल्याने खरेदीपूर्वी मी जाहिरातीतील दोन गोष्टी मुद्दाम तपासल्या होत्या: बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत आणि संच किनारपट्टीवर वापरण्यास योग्य आहे. त्या जाहिरातीची प्रत व बीजक सोबत जोडले आहे.

वडील, भाऊ आणि शेजारचे काका यांच्या मदतीने आम्ही आपल्या पुस्तिकेबरहुकूम संच जोडला. पत्र्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो आजही ठणठणीत आहे. बोल्टांवर मात्र श्रावणातच गंज चढून पत्र्यावर तांबडे ओघळ उतरले. पुढे भाद्रपदात समुद्राकडच्या कोपऱ्यातील खालचा बोल्ट तुटला, भिजलेल्या मातीच्या दाबाने कोपरा उकलला आणि फळांवर आलेला पडवळाचा वेल मातीसकट बाहेर आला. उरलेले बोल्ट काढायला घेतले, तर त्यांची डोकी इतकी झिजली होती की पाना धरेना. शेवटी भावाने ते करवतीने कापले. हे तुकडे लोहचुंबकाला खटकन चिकटतात. बोल्टांसाठी सर्रास वापरले जाणारे ३०४ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील असे चिकटत नाही. तेव्हा हे जस्ताचा पातळ मुलामा दिलेले साधे पोलाद असावे, असेच मला म्हणावे लागते.

यावर आपल्या प्रतिनिधींनी कळवले की, खाऱ्या हवेने येणारा गंज पाच वर्षांच्या हमीत बसत नाही. किनारपट्टीसाठी म्हणून विकलेल्या वस्तूला खारी हवाच वर्ज्य असेल, तर ती हमी नेमकी कशाची, हे आपणच सांगावे. जांभ्याचे चिरे रचून वाफा करावा असा वडिलांचा आग्रह होता, आणि आता ते रोज चहाच्या वेळी हा विषय काढतात, हा भुर्दंड वेगळाच.

मातीमिश्रणाचेही तसेच. ‘वाफा पूर्ण भरेल’ असे लिहून आपण प्रत्येकी ४० लिटरच्या २० पिशव्या, म्हणजे ८०० लिटर मिश्रण पाठवले. वाफ्याचे आकारमान ४८ घनफूट, म्हणजे सुमारे १,३६० लिटर आहे. दीड फुटांचा वाफा जेमतेम साडेदहा इंच भरला. उरलेला भाग आम्हाला गावातून शेणखत व माती विकत घेऊन भरावा लागला. त्याची पावतीही जोडली आहे.

तरी आपण ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट व नट यांचा पूर्ण संच आणि वाकलेल्या कोपऱ्याची पट्टी विनामूल्य पाठवावी, तसेच कमी पडलेल्या मिश्रणाची किंमत परत करावी. हे जमत नसल्यास संच स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. कापलेले बोल्ट जपून ठेवले आहेत. तपासणीसाठी हवे असल्यास आपला माणूस पाठवावा.

कळावे,
आपला ग्राहक