मंत्रीसाहेब, आमच्या शेणावरचं छप्पर कुठंय?

मा. मंत्रीसाहेब,

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, सहा गायी, दूध घालतो त्यावर घर चालतं. परवा पंचायतीची नोटीस आली, तुमच्या गोठ्यातलं शेणपाणी शेजारच्या विहिरीत उतरतंय, सात दिवसांत बंदोबस्त करा. ते का उतरलं ते सांगतो, वेळ काढून वाचा.

जानेवारीत तुमच्या खात्याचे एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आले. म्हणाले खड्ड्यात शेण साठवू नका, आत हवा जात नाही, मिथेन वायू सुटतो, तो हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट वाईट, आणि नायट्रस ऑक्साइड तर 273 पट! सुका पातेरा, पेंढा मिसळून ढीग घाला, अधूनमधून परता, वर पत्रे टाका, शेडला सबसिडी देतो. पटलं मला, खोटं कशाला बोलू. एप्रिलात ढिगात हात घातला की चटका बसायचा, वास गेला, माशा गेल्या, बायको म्हणाली एवढी वर्षं काय झोपला होता.

कर्ज काढून जोतं बांधलं, खांब उभे केले. पत्रे सबसिडीतून येणार होते. मे गेला, एक सही राहिली म्हणे. मग जून. आमच्याकडे वर्षाला 120 इंच पाऊस पडतो साहेब, ते त्या स्लाइडवर नव्हतं वाटतं. ताडपत्री दोनदा उडाली, ढिगाचा चिखल झाला, हवा संपली, म्हणजे परत तोच मिथेन, आणि पातळ झालेलं सगळं उताराने काकीच्या विहिरीत. रात्री दीडला तोंडात टॉर्च धरून फावड्याने चर मारत होतो, कंबर तेव्हापासून सरळ होत नाही. काकी बोलायची बंद झाली, नळ तर एक दिवसाआड येतो, तिने करायचं काय?

2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक विकून मी या गायी घेतल्या. 2023 च्या जुलैत जी-20 ची ऊर्जा बैठक गोव्यात भरली, पेपरात फोटोच फोटो. 2070 पर्यंत देश नेट झिरो करणार, म्हणजे असले वायू जेवढे सोडू तेवढेच शोषून घेऊ म्हणता, तोवर माझी फाइल वरच्या टेबलावर पोचेल ना पात्रांव? गोव्यात हॉटेलाचे परवाने मिळतात, डोंगर कापायला मिळतात, आणि शेणावर टाकायला बारा पत्रे मिळत नाहीत, वर दंडाची धमकी मलाच.

चवथीपर्यंत पत्रे पाठवा, नाहीतर पंचायतीला लेखी कळवा की शेड का झाली नाही. आणि विहीर उपसायचा खर्च कोण देणार तेही त्यातच लिहा, काकी रोज विचारायला माणूस पाठवते.

सत्तरीतला एक दूधवाला