‘टेक्निकल डायव्हर लेव्हल १’ या नावाने विकलेल्या कोर्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग,
कॉलेज रोड कार्यालय, नाशिक

विषय : जाहिरातीत कबूल केलेले प्रमाणपत्र न देता भलतेच कार्ड दिल्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या माहितीपत्रकात ‘टेक्निकल डायव्हर लेव्हल १ : ४५ मीटर, डिकंप्रेशन डायव्हिंगसाठी पात्र, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. त्या भरवशावर मी ₹८०,००० भरले. पावतीवरही कोर्सचे हेच नाव आहे. हातात पडले ते मात्र टीडीआय या डायव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या एजन्सीचे ‘इंट्रो टू टेक’ कार्ड. या कार्डावर एक मिनिटाचेही ठरवून केलेले डिकंप्रेशन, म्हणजे वर येताना घ्यायचे सक्तीचे थांबे, करता येत नाही. टेक्निकल डायव्हिंगची, म्हणजे हौशी मर्यादांपलीकडच्या डायव्हिंगची, तोंडओळख करून देणारा तो कोर्स आहे आणि त्या कामासाठी चांगला आहे. टीडीआयबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण त्या कोर्सवर चिकटवलेल्या लेबलाबद्दल.

कार्ड आल्यावर मी फोन केला, तेव्हा आपल्या कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, “सर, नाव प्रत्येक एजन्सीचं वेगळं असतं, लेव्हल तीच असते.” पुढे आपणही व्हॉट्सअ‍ॅपवर हेच लिहून पाठवलेत. यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. दुसरे साफ चूक आहे, आणि कोर्स विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही उत्तर लेखी दिलेत, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

हौशी डायव्हिंगपुरते आपले म्हणणे बरेचसे चालून जाते. ओपन वॉटरला १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरला ३० आणि डीप स्पेशालिटीला ४० मीटर हे पाडी या एजन्सीचे आकडे. इतर एजन्सीही थोड्याफार फरकाने तिथेच असतात आणि एकीचे कार्ड दुसरीकडे सहसा चालते. टेक्निकलमध्ये शिरले की हे गणित मोडते. पाडीच्या टेक ४० मध्ये खोली ४० मीटर आणि एकूण डिकंप्रेशन जास्तीत जास्त १० मिनिटे, त्यासाठी श्वासात घ्यायच्या वायूच्या मिश्रणात ऑक्सिजन ५० टक्क्यांपर्यंतच. टेक ४५ मध्ये ही १० मिनिटांची अट जाते आणि डिकंप्रेशनच्या एका सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजनही चालतो. टेक ५० मध्ये असे दोन सिलिंडर. टीडीआयने हीच वाट वेगळ्या ठिकाणी तोडली आहे. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनच्या मिश्रणांचा) आणि डिकंप्रेशन प्रोसिजर्स हे दोन स्वतंत्र कोर्स आहेत, बहुतेक ठिकाणी जोडीने शिकवतात, आणि ४५ मीटरपर्यंतचे डिकंप्रेशन हे त्यातल्या दुसऱ्याचे काम. आपल्या पत्रकातली ओळ ज्याच्याशी जुळते ती ही जोडी किंवा पाडीचे टेक ४५. ‘इंट्रो टू टेक’ या दोन्हींच्या अलीकडे आहे.

राहिले ‘लेव्हल १’. हे नाव मुळात कोणाचे? जीयूई या एजन्सीचा टेक १ नावाचा कोर्स आहे, पण तो हेलियम मिसळलेल्या ट्रायमिक्सवर ५१ मीटरपर्यंत नेतो; तो आपण शिकवत नाही आणि तसा दावाही करत नाही. पत्रकातल्या पुढच्या पायरीला आपण ‘एक्स्टेंडेड रेंज’ म्हटले आहे. टीडीआयमध्ये हा ५५ मीटरपर्यंतचा एक विशिष्ट कोर्स, तर एसएसआय या एजन्सीमध्ये संपूर्ण टेक्निकल शाखेलाच हे नाव. आपण यातले काय देणार, हे पत्रक पालथे घालूनही कळत नाही. चार एजन्सींच्या शिड्यांतून एकेक पायरी काढून आपण स्वतःची शिडी उभी केली आहे. ती जगात दुसरीकडे कुठेही टेकत नाही. अंदमानातल्या एका डाइव्ह शॉपने पुढच्या कोर्ससाठी कार्डाचा फोटो मागवला आणि ‘आधी अ‍ॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डेको (डिकंप्रेशन प्रोसिजर्स) करा’ असे कळवले, तेव्हा मला हा सगळा प्रकार समजला.

आता प्रत्यक्ष काय शिकवले ते. पत्रकाच्या मुखपृष्ठावर डायव्हरच्या कुशीला लावलेला सिलिंडर आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत २१ लिहिले आहे. तो आकडा शोभेसाठी नसतो. ५० टक्के ऑक्सिजनचे मिश्रण २१ मीटरच्या खाली श्वासात घ्यायचे नाही, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली नाही. त्याखाली ऑक्सिजनचा आंशिक दाब १.६ बारच्या पलीकडे जातो आणि पाण्यातच आकडी येऊ शकते. आकडी आली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. मग बाकीचे सांगायला नको. म्हणून डायव्हर तो आकडा स्वतः वाचतो, जोडीदाराला दाखवतो आणि मगच त्या गॅसवर जातो. माझ्या कोर्समध्येही असा स्टेज सिलिंडर (कुशीला लावायचा जादा सिलिंडर) होता. त्यावर २१ मीटरचे तेच स्टिकर होते, एका कोपऱ्यात सुटलेले, आणि आत साधी हवा होती. मी ऑक्सिजन मोजायचे उपकरण मागून मोजले : २०.९ टक्के, म्हणजे हवाच. प्रशिक्षक म्हणाले, “हा फक्त हाताळायच्या सरावाला.” तोंडओळखीच्या कोर्समध्ये हवेवर सराव करायला हरकत नाही. पण आत हवा असलेल्या सिलिंडरवर ५० टक्क्यांचे स्टिकर तसेच ठेवायचे, हे कोणत्या प्रशिक्षणात बसते? लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, मोजून खात्री करायची, हा तर या खेळाचा पहिला नियम.

प्रशिक्षकांबद्दल माझ्या मनात काहीही नाही, माणूस सज्जन आणि पाण्यात पक्का. डिकंप्रेशन प्रोसिजर्स शिकवण्याचा अधिकार स्वतःला नाही, हे त्यांनीच मला निघताना सरळ सांगितले. टेक्निकलमध्ये प्रशिक्षकालाही प्रत्येक पायरीचा वेगळा अधिकार घ्यावा लागतो. म्हणजे पत्रकात छापलेले शिकवू शकेल असा माणूस या बॅचला नेमलाच नव्हता. याला मी नजरचूक म्हणू शकत नाही.

मी अंबडच्या कारखान्यात फॅब्रिकेशन बघतो. आमच्याकडे वेल्डरच्या प्रमाणपत्रावर ३जी (उभ्या प्लेटचे वेल्डिंग) लिहिले असेल तर त्याला ६जीच्या, म्हणजे तिरक्या बसवलेल्या, पाइपला कोणी हात लावू देत नाही, मग तो कितीही जुना असो. ‘दोन्ही वेल्डिंगच की’ असे म्हणणारा सुपरवायझर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो. पाण्याखाली ४५ मीटरवर तर सरळ वर येण्याचा रस्ताही बंद असतो. शरीरात विरघळलेला नायट्रोजन ठरलेले थांबे घेऊनच बाहेर सोडावा लागतो. आपल्या पत्रकावर विसंबून एखादा मुलगा हे कार्ड घेऊन तिकडे उतरला, तर जबाबदार कोण?

जाता जाता आणखी एक. त्याच पत्रकात ‘ऑफशोअर कंपन्यांत नोकरीची संधी’ असे आहे. टेक्निकल डायव्हिंगची कार्डे क्रीडा डायव्हिंगची असतात. तेलफलाटावरच्या कामाला व्यावसायिक डायव्हरचे वेगळे प्रशिक्षण आणि आयएमसीए या सागरी कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता असलेले प्रमाणपत्र लागते. माझ्या बॅचमधला सिडकोतला एक तरुण या एका ओळीपायी कर्ज काढून आला होता. त्याच्याशी आपण स्वतः बोलावे.

माझे म्हणणे असे. पत्रकात कबूल केलेले प्रशिक्षण, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डिकंप्रेशन प्रोसिजर्स किंवा टेक ४५, अधिकार असलेल्या प्रशिक्षकाकडून जादा पैसे न घेता द्यावे. प्रशिक्षकाची एजन्सीकडची पात्रता आणि कोर्सचे एजन्सीचेच नाव आधी लेखी कळवावे. ते जमत नसेल तर ‘इंट्रो टू टेक’चे रास्त शुल्क तपशिलासह वजा करून उरलेली रक्कम परत करावी. ‘फी ना-परतावा आहे’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. जे विकले तेच दिलेले नाही, तिथे ती अट लागू होत नाही. आणि ते पत्रक आजपासून वाटणे थांबवावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ‘मुख्य कार्यालय मुंबईत आहे, तिकडे जा’ असे मला फोनवर सुनावण्यात आले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, आणि ₹५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींची व्याख्या त्याच कायद्यात आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी नाशिकच्या आयोगात जाईन.

पावती, पत्रक, कार्डाच्या दोन्ही बाजू आणि आपले व्हॉट्सअ‍ॅप उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

आपला,
(सही)
नाव व नोंदणी क्रमांक पावतीप्रमाणे
इंदिरानगर, नाशिक