मोठ्या बाई, तुमच्यामुळे मी शिक्षिका राहिले

आदरणीय मोठ्या बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपसमारंभात मला बोलताच आलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्या शाळेत रुजू झाले तेव्हा नोकरीच सोडायची, असं मनात पक्कं होत आलं होतं. आधीच्या शाळेत टाचणवहीतली (पाठाच्या तयारीच्या वहीतली) चूक मुलांसमोर दाखवली जायची. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘माहिती तात्काळ पाठवा’ यायचं. रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा यायचा, सोमवारी कात्रजच्या बसमध्ये डोळे भरून यायचे. वाटायचं, आपण या कामाच्या लायकीचेच नाही.

तुमच्याकडे काम काही कमी नव्हतं. तीच मतदारयाद्यांची बीएलओची ड्युटी, तीच ऑनलाइन माहिती, त्याच पोषण आहाराच्या नोंदी. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, “सहावीच्या अपूर्णांकांना तुम्हाला किती तास लागतील?” बारा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी भीत भीत चार तास जास्त मागितले. तुम्ही तिथल्या तिथे वेळापत्रक खोडून दिलंत.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळही येतो, हे मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. म्हणून तर कुणी रजेवर असलं की आमचा ऑफ तास न घेता तुम्ही स्वतः खडू घेऊन वर्गावर जायचात. पुढे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांची 1979ची मांडणी वाचनात आली: कामाचा रेटा मोठा आणि त्या कामावर आपली हुकमत कमी, तिथे ताण सगळ्यांत जास्त. मला तुमचं ते खोडलेलं वेळापत्रक आठवलं.

आणि तो दिवस. एक पालक माझ्यावर आवाज चढवून बोलत होते. तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “बाईंशी मी बोलते.” ते गेल्यावर दार लावून माझी चूक पाच मिनिटांत सांगितलीत. चूक होतीच. मग चहा मागवलात. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून त्या पालकांना फोन केला.

वरून येणारा दट्ट्या तुम्ही आमच्यापर्यंत पोचू दिला नाहीत. त्या दिवसांत तुम्हाला बीपीची गोळी सुरू झाली होती, हे शिपाईमामांनी फार उशिरा सांगितलं. तेव्हा विचारायला हवं होतं, बाई.

दिवाळीच्या सुट्टीत घरी येते. सहावीच्या वह्या आणते, तुम्ही दर शनिवारी मागायचात तशा.

तुमची,
सहावी ‘ब’ची वर्गशिक्षिका, पुणे