दानियलची परशा

ठाणे, २४ डिसेंबर २०२५

प्रिय एझ्रा,

शालोम. किती महिने झाले तुला नीट लिहून! फोनवर ‘जेवलास का, पाऊस पडतो का’ यापलीकडे आपण गेलोच नाही. तू रागावला असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि वाचून झाल्याबरोबर शॅरनला फोन कर, तिच्या दानियलच्या बार मित्झ्वाचा, तेराव्या वर्षीच्या त्या वाचनाच्या विधीचा, प्रश्न आहे. माझी साखर आटोक्यात आहे, रिबेकाचा गुडघा होता तसाच आहे. तब्येतीचं एवढंच.

परवाच्या शनिवारी हनुका म्हणजे दिव्यांचा सण, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि रोश होदेश म्हणजे नव्या महिन्याची सुरुवात, असे तिन्ही एकाच दिवशी आले. हेखालातून, म्हणजे सिनेगॉगच्या पवित्र कपाटातून, तीन सेफेर, तोराच्या गुंडाळ्या, निघाले. अलिबागला असा शब्बाथ आला की इस्रायल आळीतली झाडून सगळी पोरं पुढच्या बाकांवर घुसायची, आणि तिसरा सेफेर मिरवायला मिळावा म्हणून तू आदल्या रात्रीपासून मोठ्या काकांच्या मागे लागायचास. इथे आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले की सेक्रेटरी सुटकेचा श्वास टाकतो. शनिवारी मात्र छान गर्दी होती. पहिल्या सेफेरमधून त्या आठवड्याची परशा, म्हणजे तोराचा ठरलेला भाग, मिकेत्झ झाली, दुसऱ्यातून रोश होदेश, तिसऱ्यातून सहाव्या दिवसाचं अर्पण, गाद वंशाच्या सरदाराचं. मग हझानने, प्रार्थना चालवणाऱ्याने, हफ्तारा, म्हणजे नबींच्या ग्रंथातलं वाचन, सुरू केली, ‘रोनी वेसिम्ही बत त्सियोन’. आणि तुझा दानियल मागच्या बाकावरून उठून तडक माझ्याजवळ आला. चेहरा एवढासा झालेला.

‘सॉली अंकल, ही माझी हफ्तारा आहे. हे का वाचतायत?’

मला हसू आलं. म्हटलं, अरे बाळा, झखर्या नबीने ती तुझ्या एकट्यासाठी नाही सांगितली. हनुकाच्या शब्बाथला ती असतेच, आणि दिव्यांच्या परशाला पुन्हा येते. तुझा दिवस कोणता? तो म्हणाला, ‘बेहालोतेखा. ३० मे.’

माझं हसू तिथेच थांबलं. ३० मेला आमच्याकडे बेहालोतेखा नाही, एझ्रा. आमच्याकडे त्या दिवशी नासो आहे. बेहालोतेखा तुमच्याकडे, इस्रायलमध्ये.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग पोरगा रोज ऐकतो. तू ते तुमच्या लुआखवरून, पंचांगावरून, केलंस, अश्दोदच्या. येत्या वर्षी शाबुओथ, सप्ताहांचा सण, शुक्रवारी आहे, २२ मेला. तुमचा सण त्या एका दिवसात संपतो आणि २३ तारखेच्या शब्बाथला तुम्ही सरळ नासो वाचता. आमचा दुसरा दिवस त्याच शब्बाथवर पडतो, म्हणून आम्ही सणाचं वाचन करतो आणि नासो पुढच्या आठवड्यावर जाते. तिथून तुम्ही एक परशा पुढे. २७ जूनला आम्ही हुकत आणि बालाक एकत्र वाचू तेव्हा कुठे तुम्हाला गाठू.

हे तुला मी सांगायचं! २०२२ मध्ये पेसाहचा, वल्हांडणाचा, आठवा दिवस शब्बाथला आला होता, आणि मी नेमका त्या मे महिन्यात तुझ्याकडे आलो. ठाण्यात केदोशिम ऐकून विमानात बसलो, तुमच्या सिनेगॉगमध्ये गेलो तर बेहार सुरू. मधली एमोर गेली कुठे म्हणून मी तुझ्या घरी हुमाश, तोराचं छापील पुस्तक, उघडून एकटा वाचत बसलो, तर तू माझ्या बायकोसमोर मला म्हणालास, ‘कस्टमवाल्यांनी काढून घेतली असेल.’ रिबेका अजून त्यावर हसते. त्या वेळी भांडलो होतो ते याच गोष्टीसाठी, की इथून तिथे गेलेल्या माणसाने दोन्ही लुआख डोक्यात ठेवायला हवेत. तू म्हणालास, आता माझा एकच. ठीक आहे. पण तुझ्या बहिणीचा नातू अजून ठाण्यात राहतो.

शब्बाथ सुटेपर्यंत मी कोणाला काही बोललो नाही. रात्री शॅरनकडे गेलो. तिला आधी पटेचना. तिच्या मोबाईलमध्येही ३० मेला बेहालोतेखाच दिसत होती, कारण त्यातही इस्रायलचीच पद्धत लावलेली. ती म्हणाली, ‘सॉली अंकल, तोरा एकच आहे ना? मग शनिवार वेगळे कसे?’ तिला सांगितलं की फार पूर्वी नवा चंद्र यरुशलेममध्ये ठरायचा, निरोप्ये दूरवर वेळेत पोचायचे नाहीत, म्हणून लांबच्या लोकांनी सणाचे दोन दिवस धरले. पुढे गणिताचा लुआख आला तरी दुसरा दिवस राहिला. हा फरक त्यातूनच येतो. दानियलने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, ‘मग मी शिकलो ते चुकीचं?’ त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप नाही. अरे, त्याचा आवाज तू ऐकला नाहीस. शेवटच्या शब्दावर तो सूर जरा खाली आणतो तेव्हा थेट तुझ्या ताईसारखा वाटतो.

सोमवारी हनुकाचा आठवा दिवस. सकाळी घरोघरी फोन करून दहा जण जमवले आणि दानियलला मुद्दाम जवळ उभा केला. तुला माहीतच आहे त्या दिवशी काय वाचतात: उरलेले सरदार, मग सगळ्या अर्पणांची बेरीज, मोशेला दोन करुबांमधून ऐकू आलेली वाणी, तिथे नासो संपते, आणि न थांबता पुढे अहरोनला दिवे लावायची आज्ञा, म्हणजे बेहालोतेखाची सुरुवात. दोन्ही परशा एका दमात. पोराने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. त्याला न सांगता कळलं की त्याचं शिकलेलं जिथे सुरू होतं, त्याच्या बरोबर मागे त्याला आता जायचंय.

आता खरी काळजी. काल कमिटीतले एक गृहस्थ मला म्हणाले, ‘एवढं काय त्यात, त्या दिवशी बेहालोतेखाच वाचा, कोणाला कळणार आहे?’ माणूस वाईट नाही, पोराच्या मायेनेच बोलला. पण एझ्रा, मला ते सहन झालं नाही. नासो म्हणजे १७६ पसूक, १७६ वचनं, तोरातली सगळ्यात लांब परशा. ती आमच्या वर्षातून गळणार, आणि का, तर हॉल बुक झालाय म्हणून? लंडनला त्या सकाळी नासो वाचतील, न्यूयॉर्कला वाचतील, आणि ठाण्यात आम्ही एका पाहुण्याच्या तिकिटासाठी वेगळंच उघडून बसायचं?

आपल्या बेने इस्रायल वाडवडिलांकडे सेफेरही नव्हता रे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जीव वाचला, पुस्तकं नाही. त्यांना शेमा ही प्रार्थना तेवढी पाठ होती, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे ठाऊक होतं. त्यावरून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हनुका तर त्यांना माहीतच नव्हता. १७९६ साली दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं तेव्हा कुठे आपण सगळ्या जगाबरोबर ओळीने वाचायला लागलो. ज्यांनी नुसता शनिवार धरून ठेवला त्यांच्या पणतवंडांनी शनिवारचं पान सोयीने उलटायचं, हे मी माझ्या हयातीत होऊ देणार नाही. मी तसं बोललो, जरा मोठ्यानेच. मोठे काका असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती, आणि तू बाजूला उभा राहून ‘यालाच लेवी करा’ म्हणाला असतास.

बार मित्झ्वा एक आठवडा पुढे, ६ जूनला न्यावी, असं शॅरनचा नवरा म्हणाला. पण तू आणि तुझी मंडळी ३ तारखेला परत जाणार, आणि त्या सुमाराला पाऊस कधीही उभा राहतो. मलिद्याच्या विधीला अंगणात मांडव घालायचाय. शिवाय तुझ्याशिवाय हा कार्यक्रम करायचा नाही, हे दानियलने स्वतः सांगितलंय.

म्हणून मी असं ठरवलंय, तू हो म्हण. ३० मेला सकाळी दानियल नासोची मफ्तीर, म्हणजे शेवटचा तुकडा, म्हणेल. तीनच पसूक आहेत, आणि त्यातला शेवटचा तोच, मोशेला वाणी ऐकू येते तो. हफ्तारा शिमशोनच्या जन्माची. गोष्ट त्याला आवडेल, सूर तू शिकव. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मिन्हाला, दुपारनंतरच्या प्रार्थनेला, आपण पुढच्या परशाची सुरुवात वाचतोच. तेव्हा तोच तेब्यावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, चढेल आणि तू शिकवलेली बेहालोतेखा वाचेल, दिव्यांपासून. शिकलेलं काही फुकट जाणार नाही, क्रमही मोडणार नाही. ‘रोनी वेसिम्ही’ तो पुढच्या हनुकाला म्हणेल, ५ डिसेंबर २०२६ च्या शब्बाथला. ती तारीख मी आत्ताच वहीत त्याच्या नावावर लिहून ठेवलीय.

तुझं काम एवढंच, की नासोची मफ्तीर आणि शिमशोनची हफ्तारा सावकाश, आपल्या अलिबागच्या सुरात म्हणून पाठव. तिथल्या लोकांत राहून तुझी चाल थोडी बदललीय, मला रेकॉर्डिंगमध्ये कळली. जुनीच म्हण.

येत्या वर्षीच्या, पुरिम सणाच्या सुमाराच्या, चार खास परशाही मी मांडल्यात: १४ फेब्रुवारीला शेकालिम, २१ ला एक आठवडा खंड, २८ ला झाखोर, ७ मार्चला पारा, १४ ला होदेश. झाखोर कोणी वाचायची यावर इथे अजून भांडणं होतात; बायका त्या दिवशी आवर्जून येतात ना. आपली मारामारी आठव. आणि २०२७ ला पुन्हा अदारचे दोन महिने येतायत, तेव्हा शेकालिम पहिल्या अदारच्या आधी वाचायची हे तुझं जुनं टुमणं आता सोड. पुरिम दुसऱ्यात, तर चारी परशा त्याच्याच मागे. मोठ्या काकांनी तेव्हाच निकाल दिला होता.

तुझी निवृत्ती झाली का? सून नव्या घरात रुळली असेल. लेआला रिबेकाचा नमस्कार सांग, आणि येताना तिथले खजूर आण, मागच्या वेळचे सुंदर होते. इथून सुके बोंबील हवेत की नकोत ते वेळेवर कळव, विमानतळावर पोचल्यावर नको.

शॅरनला आजच फोन कर. पोराशी तू स्वतः बोल. शिकलास ते बरोबरच आहे, ते संध्याकाळी वाचायचंय, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझा,
सॉली