वहिनी, तुमच्या थर्मामीटरचे आभार

प्रिय वहिनी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "काय हो भावोजी, एवढ्यातेवढ्याला!" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे उघड पत्र. आपल्या रत्नागिरीत कुंडीत मिरची लावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

लवंगीचा तरवा आपल्याकडे कोणीही अंगणातल्या वाफ्यात टाकतो आणि आठ-दहा दिवसांत हिरवं दिसायला लागतं. भूत जोलोकियाचं तसं नाही. २००७ साली जगातली सर्वांत तिखट म्हणून गिनेस बुकात गेलेली ही ईशान्येकडची मिरची उगवायच्या बाबतीत महा नखरेल. सगळं मनासारखं मिळालं तरी दोन-तीन आठवडे घेते. जानेवारीत पडवीतला ट्रे नुसता काळा राहिला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याने बियाण्याला बोल लावला. जुनं असेल, गंडवलं असेल, आणि वर "कोकणात कसली आलीय थंडी?"

तुम्ही मात्र काही न बोलता घरात गेलात आणि तो सुईचा थर्मामीटर घेऊन आलात. मासळीच्या कारखान्यात माशात खुपसून गारवा बघतात तसला. (कंपनीचा नव्हे, तुमचा स्वतःचा जुना. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर उद्या तुमच्या साहेबांना शंका यायची.) सकाळचे नऊ वाजले होते, पडवीतल्या भिंतीवरच्या तापमापकात २६ अंश. सुई कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) बी असतं तेवढीच, जेमतेम सेंटीमीटरभर गेली आणि आकडा उतरत उतरत १९ वर थांबला. खाली जांभ्याचा थंडगार चिरा आणि वर ओलं कोकोपीट. त्यातली ओल उडताना ऊब घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच.

मिरचीच्या बीला मातीत २७ ते ३० अंश हवेत. २० च्या खाली ते रेंगाळतं, १५ च्या खाली जवळजवळ हलतच नाही, आणि गार ओलीत पडून राहिलं की कुजतं. उलट ३५ च्या वर गेलं तरी उगवण घटते, म्हणून न्हाणीच्या चुलीशेजारी ट्रे ठेवायची आमच्या आईची सूचना तुम्ही गोडीत बाजूला सारलीत. तिथे संध्याकाळी भट्टी आणि पहाटे गारठा.

त्यावरचा तुमचा उपाय तर खास आपल्या मिरकरवाडा मासळी बंदराचा. मासळीची थर्माकोलची पेटी! "बर्फ टिकवते ती ऊब पण टिकवेल," म्हणालात. पेटी धुऊन उन्हात वाळवली (तरी आळीतली मांजरं दोन दिवस पडवीत ठाण मांडून होती). आत ट्रे, रात्री कडेला गरम पाण्याच्या बाटल्या, वर झाकण. बल्ब टांगायचा बेत तुम्ही हाणून पाडलात ते फार बरं केलंत, थर्माकोल पेटायला वेळ लागत नाही. पाणीसुद्धा नळाचं गार नको, कोमट, आणि तेही शिंपडूनच. पहाटे सुई खुपसली की २७-२८ दिसायचं.

आणि एक गोष्ट तुम्ही आधीच बजावली होती, जी पाकिटावर कुठे लिहिलेली नसते. बीला उजेड लागत नाही, पण कोंबाला लागतो. पहिली मान वर दिसली त्याच दिवशी ट्रे पेटीबाहेर, पूर्वेच्या खिडकीत. झाकणाखालच्या दमट उबेत कोंब सुतासारखे लांबतात आणि बुडाशी कुजून आडवे होतात. आमचे झाले नाहीत. आता खऱ्या पानांची दुसरी जोडी फुटते आहे.

थर्मामीटर स्पिरिटने पुसून ठेवलाय, रविवारी आणून देतो. तुमच्यासाठी दोन रोपं वेगळी काढलीत. भाऊंना तिखट सोसत नाही हे ठाऊक आहे, तेव्हा ती परसात दूर लावा, आणि मिरची चिरताना हातमोजे घाला.

तुमचा,
गडग्यापलीकडचा भावोजी